छापणाऱ्याचे नाव कुठे असते?

आमच्या इंदिरानगरात धार लावणारे एक चाचा यायचे. सायकल स्टँडवर उभी करायची, मागच्या चाकाला पट्टा जोडायचा, सीटवर बसून पायडल मारायचे आणि समोरच्या फिरत्या दगडावर सुरी धरायची. ठिणग्या बघायला पोरे जमायची. वडाळा-पाथर्डी रस्त्यापासून जॉगिंग ट्रॅकपर्यंतच्या गल्ल्यांत त्यांची हाक सगळ्यांच्या ओळखीची. बकरी ईदच्या आधीच्या आठवड्यात तर त्यांना दम घ्यायला फुरसत नसे. गेल्या पावसाळ्यापासून ते आलेले नाहीत. आमच्या नववीच्या वर्गातला एक मुलगा समजतो की, हे त्याच्यामुळे झाले. तो अगदीच चुकीचे समजतो असे आम्हाला म्हणवत नाही.

झाले ते एवढेच. मोबाइलवर एक मेसेज फिरत होता. मुले पळवणारी टोळी नाशकात आली आहे, ही माणसे सायकलवरून फिरतात, त्यांच्या पिशवीत सुऱ्या असतात. सोबत कुठला तरी अंधुक फोटो. या मुलाने तो तीन ग्रुपवर पुढे ढकलला: घरच्या, क्रिकेटच्या आणि मोहल्ल्याच्या. दोन दिवसांनी संध्याकाळी वीस-पंचवीस जणांनी चाचांना कोपऱ्यावर अडवले. पिशवी उघडली. धार लावणाऱ्याच्या पिशवीत सुऱ्या नसतील तर काय असेल? सायकल आडवी झाली, कॉलरला हात गेला. नशीब असे की त्या पिशवीतली एक कात्री समोरच्याच इमारतीतल्या एका वयस्क आपांची होती. त्या अनवाणी खाली धावत आल्या आणि ओरडून ओरडून त्यांनी माणसे बाजूला केली. चाचांनी तडा गेलेला दगड उचलला, सायकल हातात धरली आणि ते चालत निघून गेले.

यापेक्षा भयंकर घडू शकले असते हे आमच्या भागात कोणाला वेगळे सांगायला नको. 1 जुलै 2018 रोजी शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी, अशाच अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. भिक्षा मागून पोट भरणारी ती माणसे मंगळवेढ्याकडून आली होती. त्याच सुमारास आपल्या मालेगावात एका कुटुंबाला जमावाने घेरले होते, पोलिसांनी त्यांना वाचवले. त्या महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली. आमच्या मुलाला तीनच ठिकाणे पुरली.

वर्गात आम्ही हा विषय काढला तेव्हा सूरह हुजुरातची सहावी आयत मुलांनी लगेच सांगितली. आलेल्या बातमीची आधी खातरजमा करा, ही ताकीद त्यांना पाठ होती. पण खातरजमा करायची कशी? यावर सगळा वर्ग गप्प. मग त्या मुलानेच मान खाली घालून विचारले, "सर, अखबारवालों को भी कोई बताताच होगा ना? उनको कैसे मालूम पडता, सच है के झूठ?"

उत्तर आम्हालाही धड देता आले नाही. उर्दू आणि मराठी शिकवणारी आम्ही माणसे. वर्तमानपत्र रोज वाचतो, ते बनताना कधी बघितलेले नाही. म्हणून जानेवारीत, पत्रकार दिनाच्या आठवड्यात, मुलांना मुंबईला न्यायचे ठरले. पंचवटीने जायचे, पंचवटीने यायचे. प्रत्येकी पाचशे रुपये काढले. चौघांना ते जमण्यासारखे नव्हते, त्यांचे कसे भागले हे त्यांनाही कळले नाही. मुलींच्या घरी मात्र तीन-तीन चकरा माराव्या लागल्या. "पेपर बघायला मुंबई कशाला, पेपर तर घरी येतो," असे एक अब्बू म्हणाले. शेवटी चौदा मुले, नऊ मुली आणि आम्ही तीन शिक्षक, त्यात एक मॅडम, असे पहाटे नाशिकरोड स्टेशनवर जमलो.

स्टेशनवर चार वर्तमानपत्रे विकत घेतली: दोन मराठी, एक उर्दू, एक इंग्रजी. गाडी सुटल्यावर मुलांच्या हातात दिली आणि एकच काम सांगितले. या बातम्यांना जबाबदार कोण, ते शोधा. पहिली पाने उलटसुलट झाली. कोणी बातमीदाराचे नाव सांगितले, कोणी थेट पंतप्रधानांचे. इगतपुरी गेली, गाडी कसाऱ्याच्या घाटात शिरली तेव्हा एका मुलीला ते सापडले. मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ: मुद्रक अमुक, प्रकाशक अमुक, संपादक अमुक, छापले अमक्या ठिकाणी. मग बाकीच्या तिन्ही पेपरांत ती ओळ शोधायची एकच घाई उडाली. ही ओळ छापण्याची सक्ती इंग्रजांच्या 1867 च्या कायद्याने केली. त्यांचा हेतू पेपरवाल्यांना धरता यावे हा होता, हे खरेच. 2024 च्या मार्चपासून त्या कायद्याच्या जागी नवा कायदा लागू झाला, तरी ती ओळ आहेच. छापलेले खोटे निघाले तर कोणाचे दार ठोठवायचे, ते तिथे लिहिलेले असते.

"मेसेज के नीचे तो कुछ बी नई रहता," ती मुलगी म्हणाली. आमचा मुलगा खिडकीबाहेर बघत होता.

सीएसएमटीला उतरून पायीच फोर्टात गेलो. हॉर्निमन सर्कलजवळ 'मुंबई समाचार'ची लाल इमारत आहे. 1 जुलै 1822 रोजी फर्दुनजी मर्झबान यांनी हे गुजराती पत्र सुरू केले. ते आजही निघते, आणि आशियात अखंड चालू असलेले सर्वांत जुने वर्तमानपत्र म्हणून ओळखले जाते. मुलांना आम्ही आणखी एक गोष्ट सांगितली. त्याच 1822 मध्ये, मार्चच्या 27 तारखेला, कलकत्त्यात उर्दूचे पहिले वर्तमानपत्र 'जाम-ए-जहाँ-नुमा' निघाले. ते काढणारे होते हरिहर दत्त आणि संपादक मुन्शी सदासुखलाल. नावे ऐकून मुले एकमेकांकडे बघू लागली. उर्दू म्हणजे फक्त आपली, असे त्यांना कोणी शिकवले कोण जाणे.

मराठीचा नंबर दहा वर्षांनी लागला. 6 जानेवारी 1832 रोजी याच मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढले. एका स्तंभात मराठी, शेजारी इंग्रजी. मजकूर एकच, वाचणारे दोन प्रकारचे. घरी एक भाषा आणि कचेरीत दुसरी बोलणाऱ्या आमच्या मुलांना ही कल्पना फार आवडली. आणि ज्या बागेपाशी आम्ही उभे होतो तिला नाव दिले आहे ते बी. जी. हॉर्निमन हेही संपादकच. 'बॉम्बे क्रॉनिकल' हे त्यांचे पत्र. जालियनवाला बागेनंतर, 1919 मध्ये, इंग्रज सरकारने या इंग्रज माणसाला हिंदुस्थानातून हाकलून दिले. पुढे त्याच पत्राचे संपादकपद सय्यद अब्दुल्ला ब्रेलवी यांनी जवळजवळ पाव शतक सांभाळले. ब्रेलवींचे नाव आज आपल्या घरांत कोणाला ठाऊक नाही, याची खंत वाटते.

ओव्हल मैदान ओलांडून चर्चगेटच्या बाजूला आकाशवाणी. मुंबईचे नभोवाणी केंद्र 23 जुलै 1927 रोजी सुरू झाले, तेव्हा ते एका खाजगी कंपनीचे होते. कंपनी तीन वर्षांत बुडाली आणि सरकारने ते चालवायला घेतले. स्टुडिओला एकापाठोपाठ एक अशी दोन जाड दारे असतात. पहिले बंद झाल्याशिवाय दुसरे उघडायचे नाही. आत गेल्यावर स्वतःचा श्वास ऐकू येतो. भिंतीवर लाल दिवा आणि मोठे घड्याळ. इतका वेळ चिवचिवणारी तेवीस मुले तिथे अशी शांत झाली की, हे दार शाळेत बसवून घ्यावे असे आम्हाला वाटले.

तिथल्या निवेदिकाबाईंनी मुलांना कालच्या बातम्यांचा कागद वाचायला दिला. आमच्या मुलांची बोलीभाषा उर्दू, त्यामुळे 'ळ' आणि 'ण'पाशी ठेच लागणारच. बाईंनी मात्र वेगळेच पकडले. "चारमधला च आणि पाचमधला च वेगळा आहे, बाळा. जीभ कुठे लागते बघ." आम्ही कित्येक वर्षे मराठी शिकवतो, हे इतके सोपे करून कधी सांगितले नव्हते. गाडीत ती ओळ शोधणारी मुलगी दुसऱ्यांदा वाचायला बसली आणि एकदाही न अडखळता पानभर वाचून गेली. मग तिने विचारले, "मॅडम, मराठी बातम्या वाचायला आमच्यासारख्यांना घेतात का?"

"आमच्यासारख्यांना म्हणजे?" बाईंनी विचारले. मुलीला उत्तर देता येईना. "आवाजाची चाचणी असते आणि भाषेची असते," बाई म्हणाल्या. "तिसरी कुठली नसते." तिच्या अब्बूंनाही हे ऐकायला मिळायला हवे होते. पेपर घरी येतो म्हणणारे ते हेच.

आतापर्यंत भुकेने मुलांचे चेहरे उतरले होते. बाहेर एका गाडीवर "ट्रिपल शेजवान" लिहिलेले दिसताच निम्मा वर्ग तिकडे वळला. जेवण भेंडी बाजारातच, असा आमचा हुकूम होता. पण त्यावरून एक गोष्ट सांगायची संधी सोडली नाही. चायनीज म्हणून आपण लग्नातसुद्धा खातो ते मंच्युरियन चीनमध्ये कोणी ओळखणार नाही. कलकत्त्यात जन्मलेले नेल्सन वांग हे 1975 मध्ये याच चर्चगेटच्या क्रिकेट क्लबमध्ये स्वयंपाक करत असताना त्यांनी आले, लसूण, हिरवी मिरची परतून त्यात सोया सॉस घातला आणि तो पदार्थ तयार झाला, असे सांगितले जाते. "म्हणजे हे पण फॉरवर्डच," एक जण म्हणाला. त्याला काय उत्तर द्यावे ते सुचले नाही.

क्रॉफर्ड मार्केटजवळच्या जामा मस्जिदीत जोहर अदा केली. मस्जिदीच्या मधोमध जुना हौज आहे, त्यात मासे. वजू करताना माशांकडे बघत बसलेल्या दोघांना हाताला धरून उठवावे लागले. मुलींची नमाज आणि थोडी विश्रांती मॅडमांच्या खालाजानच्या घरी झाली. भेंडी बाजारातली दहा बाय बाराची खोली. त्यात खालाजाननी नऊ जणींसाठी दहीवडे करून ठेवले होते. जेवणाच्या आधीच सगळे फस्त झाले.

आता निहारीविषयी. हॉटेलचे नाव सांगत नाही, भेंडी बाजारात ज्याला त्याला आपलेच हॉटेल खरे वाटते. मोठ्या देगेत नळ्या आणि मांस रात्रभर मंद आचेवर राहते, पीठ लावून रस्सा दाट होतो, वरून आल्याचे काप, कोथिंबीर, लिंबू. सोबत तंदूरची गरम रोटी. नळीतला मगज काढण्यासाठी ताटावर नळी आपटायची असते, हे आमच्या नाशिकच्या पोरांना शिकवावे लागले नाही. 'निहारी' हा शब्द अरबी 'नहार'वरून आला. नहार म्हणजे दिवस. फजरनंतर खायचा हा पदार्थ आम्ही अडीच वाजता खात होतो. बोलता बोलता आणखी एक शब्द निघाला. 'अखबार' हे 'खबर'चे अनेकवचन. आणि मराठीत आपण ज्याने दम देतो तो 'खबरदार' म्हणजे मुळात ज्याच्याकडे खबर आहे असा माणूस. मुलांनी तो शब्द उरलेला दिवसभर एकमेकांवर वापरून आमचे डोके उठवले.

साडेतीनला एका उर्दू दैनिकाच्या कचेरीत पोहोचलो. उर्दू पत्रकारितेत मुंबईचे स्थान मोठे आहे. अब्दुल हमीद अन्सारी यांनी 1938 मध्ये 'इन्किलाब' काढला तो इथूनच. त्यांचे चिरंजीव खालिद अन्सारी यांनी 1979 मध्ये इंग्रजी 'मिड-डे' सुरू केले. आम्ही गेलो ती कचेरी मात्र लहान, दुसऱ्या मजल्यावरची, चहाच्या कपांनी भरलेली. संगणकावर पाने लावणारे साठीपुढचे एक बुजुर्ग होते. ते मूळचे कातिब. पूर्वी उर्दू पेपर हाताने लिहिला जाई. कातिब बोरूने, खास शाईने पान पान लिहून काढायचे आणि त्यावरून छपाई व्हायची. नस्तालीक अक्षर खिळ्यांत बसतच नसे, कारण प्रत्येक अक्षर शेजाऱ्याप्रमाणे आपला आकार बदलते. 1981 मध्ये मिर्झा अहमद जमील यांच्या नूरी नस्तालीकने जवळजवळ 20 हजार जोडआकार यंत्रात भरले, नव्वदीत इनपेज आले, आणि कातिबांचे काम थांबले. या बुजुर्गांनी मुलांसमोर बोरू काढला आणि एका मुलीचे नाव असे लिहिले की तिने तो कागद वहीत घालून वही छातीशी धरली.

"हाथ से लिखते थे तब गलती कम होती थी?" कोणी विचारले.

"गलती उतनीच होती थी बेटा. मगर लिखते लिखते एक बार सोचने का टाइम मिलता था."

संपादकसाहेबांना आम्ही मुले पळवणाऱ्या टोळीचा तो मेसेज दाखवला. कोणी पाठवला हे अर्थातच सांगितले नाही. हे तुमच्याकडे आले असते तर तुम्ही काय केले असते? त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. मग स्वतःलाच विचारावे तसे बोलू लागले. कुठल्या मोहल्ल्यात झाले, लिहिलेले नाही. कधी झाले, "काल" लिहिले आहे, पण कालपासून तो किती दिवस फिरतोय? पोलीस ठाण्यात नोंद आहे का, बातमीदाराला फोन करून विचारू. हवालदार नाही म्हणाला तर दुसऱ्या ठिकाणी विचारू, कारण पोलीसही कधी लपवतात. फोटो कुठला, ते शोधू. "आणि सगळ्यात आधी," ते म्हणाले, "मूल हरवले तर त्याला आई असते. ती गप्प बसत नाही. यात आई कुठे आहे?"

मुले लिहून घेत होती. त्या मुलाने दिवसभरात पहिल्यांदाच हात वर केला.

"सर, गलत छप गया तो?"

संपादकसाहेब उठले, फाईल काढली आणि एका जुन्या अंकाचे दुसरे पान उघडले. चार ओळींची चौकट, वर 'तसहीह' असा मथळा. एका चोरीच्या बातमीत आरोपीऐवजी त्याच नावाच्या दुसऱ्याच माणसाचा फोटो छापला गेला होता. तो माणूस शिंपी होता. कचेरीत येऊन तो काहीच बोलला नाही, फक्त पेपर टेबलावर ठेवून उभा राहिला, असे त्यांनी सांगितले.

मुलगा चौकट बघत राहिला. "फोटो पहले पन्ने पे था?"

"हां."

"तो माफी दूसरे पे क्यूं?"

आमच्या पोटात गोळा आला. पाहुणे म्हणून आलो आणि पोराने हे विचारावे! संपादकसाहेब जरा थांबले. मग म्हणाले, "तुम ठीक बोल रहे हो. पहले पे होनी चाहिए थी." त्यांनी सारवासारव केली नाही, याचे आम्हाला त्या दिवशी सर्वांत अप्रूप वाटले.

क्रॉफर्ड मार्केटसमोर फालुदा झाला. सब्जा, शेवया, गुलाबाचे सरबत, वर कुल्फी. जानेवारीत फालुदा खाऊ घातला म्हणून दोन घरांतून नंतर बोलणी खाल्ली, आणि ती रास्त होती. सव्वासहाची पंचवटी धावतपळत गाठली. कल्याणपर्यंत अंताक्षरी, पुढे निम्मी मुले झोपली. तो मुलगा मात्र मांडीवर वही घेऊन काहीतरी लिहीत होता आणि खोडत होता. घाट चढून गाडी इगतपुरीला आली तेव्हा त्याने वही आमच्यापुढे धरली. मराठीत पाच ओळी होत्या. जुलैमध्ये मुले पळवणाऱ्यांचा मेसेज मी या ग्रुपवर टाकला होता. तो खोटा होता. मी कोणाला विचारले नव्हते. धारवाले चाचा आपल्याकडे कित्येक वर्षे येतात, त्यांचा काही कसूर नाही. ते कोणाला दिसले तर कळवा. खाली त्याचे पूर्ण नाव, इयत्ता, इमारत, फ्लॅट क्रमांक. आम्ही एका ऱ्हस्व-दीर्घाची चूक सुधारली. बाकी हात लावला नाही.

रात्री अकराला त्याच्या अम्मीचा फोन आला. आवाज घाबरलेला. "सर, ये आज के आज डालूंगा बोलता. नाम डालना जरूरी है क्या? लोग बोलेंगे, इसके वजह से हुआ. पुलिस आई तो?" त्यांची भीती खोटी नव्हती. आमच्या वस्तीत पंधरा वर्षांच्या पोराचे नाव कुठेही लिहिले जाणे आईला धडकी भरवते, आणि त्याची कारणे आपण सगळे जाणतो. आम्ही म्हणालो, पत्ता काढा, तो नको. नावाचे तुम्ही घरात बसून ठरवा, आम्ही त्याला आग्रह केलेला नाही आणि करणार नाही. पलीकडे बराच वेळ कुजबुज चालली. मग फोन ठेवला गेला.

साडेअकराला मेसेज आला. पत्ता नव्हता. नाव होते, आणि त्याच्या खाली अब्बूंचेही होते.

सकाळपर्यंत ग्रुपवर कोणी काही बोलले नाही. दुपारी एकाने लिहिले की झाले गेले सोडून द्या. एकाने लिहिले की पोराला हे शाळेतले शिकवत असतील. संध्याकाळी त्या कात्रीवाल्या आपांच्या सुनेने लिहिले की चाचा हल्ली देवळाली गावाच्या बाजारात दिसतात, सायकल तीच आहे, दगड नवा आहे. येत्या रविवारी तो मुलगा, त्याचे अब्बू आणि आम्ही तिकडे जाणार आहोत. आमच्या घरच्या दोन सुऱ्या, मॅडमांची शिवणाची कात्री आणि आपांनी दिलेला अडकित्ता एका पिशवीत भरून ठेवला आहे.